सोलापुरात पाऊस पाडण्याची नोकरी

“आमच्या नळाला चार दिसाआड पाणी, आन् ह्या गाडीला रोज दोन टायमाला आंघोळ. नशीब काडलंय बग गाडीनं.”

मी गाडीसमोर उकिडवी बसून कॅमेऱ्याच्या काचेवर साठलेल्या थेंबांचे फोटो काढत होते. डोक्यावर लोखंडी सांगाडा, त्याला भोकं पाडलेले पाइप, आणि पाइपांतून नुकताच बंद झालेला पण अजून ठिबकणारा पाऊस. बोलणारी बाई माझ्या मागेच उभी होती.

“हळू बोल गं, ती ऐकायली,” दुसरी म्हणाली.

“ऐकू दे की. खोटं हाय का काय?”

खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. ते पाणी नळाचं नव्हतं, कारखान्याच्या विहिरीचं होतं आणि पिण्यालायक नव्हतं. माझ्याकडे याचं चांगलं उत्तर तयार होतं. पण माझी उत्तरं आधी इंग्रजीत तयार होतात. शाळेने लावलेली सवय. त्यांचं मराठी करून, क्रियापद जागेवर बसवून, घसा साफ करेपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन परत आलेला असतो. त्या दोघी तर चहाला गेल्यासुद्धा. मी थेंबांचे फोटो काढत राहिले.

“तुमच्या कामाबद्दल आमच्या मासिकात लिहा,” असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, त्याचं कारण हेच. लिहिताना कोणी समोर उभं नसतं.

तू नेमकं काय करतेस, असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी “काच पुसते” असं सांगते. आई मागून चिमटा काढते. “असं सांगत जाऊ नकोस गं लोकांना. कंप्युटरमध्ये आहे म्हण.” कंप्युटरमध्ये मी आहेच. पण तीन वर्षांत मी जे शिकले त्यातलं बहुतेक सगळं काचेबद्दल आहे.

आमची कंपनी पुण्याची. ती विनाचालक गाड्या बनवते. हमरस्त्यावरच्या नाहीत, कारखान्यांच्या आवारात फिरणाऱ्या. आमची गाडी म्हणजे चाकांवरचा छोटा मांडवच. वर छप्पर, बाजू उघड्या, समोरासमोर दोन बाकं, मागे माल ठेवायला फळी. स्टिअरिंग नाही, ड्रायव्हरची जागा नाही. चारी बाजूंना कॅमेरे आहेत आणि रस्ता ओळखण्याचं सगळं काम ते करतात. महागड्या गाड्यांना कॅमेऱ्यांशिवाय आणखी कायकाय यंत्रं असतात, ती आमच्या गाडीला परवडत नाहीत. तिचे डोळे गेले की सगळंच गेलं.

ती गाडी तपासायला आमचे साहेब, समीर सर, यांनी सोलापूर निवडलं. “पाऊस कमी. वर्षभर टेस्टिंग करता येईल,” असं ते म्हणाले होते. औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याने आपलं आवार वापरू दिलं. फाटकापासून शिलाई विभागापर्यंत लांबलचक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना शेड, मध्ये एक चौक. मी सोलापूरचीच असल्यामुळे मला इथे नेमलं. भाड्याच्या एका गाळ्यात आमचं ऑफिस; त्यात मी, एक टेबल, एक पंखा आणि समीर सरांचा व्हिडिओवर दिसणारा चेहरा. ते महिन्यातून एकदोनदा प्रत्यक्ष यायचे.

गाडी महिनाभर छान चालली. मग कारखान्याचे मालक ती बघायला आले. साठीचे, पांढऱ्या शर्टातले, फार कमी बोलणारे गृहस्थ. बाकावर बसले, एक फेरी मारली, उतरले आणि म्हणाले, “चांगली हाय. पावसात चालती का?”

समीर सर म्हणाले, “मालक, सोलापुरात पाऊस असा कितीसा पडतो?”

“पडतो तेव्हा आमच्या बायका चिखलात पडतात. उन्हात त्या चालत येत्यात की. उन्हातली गाडी मला कशाला?”

त्यांचं म्हणणं बिनचूक होतं. त्या रस्त्याच्या कडेला काळी माती आहे. थोडी ओली झाली की चपला पायात राहत नाहीत. शिलाई विभागाच्या मुकादम नागमणी अक्का आदल्या वर्षी तिथेच घसरल्या होत्या आणि त्यांचं मनगट मोडलं होतं. ते बसलं, पण कात्री धरताना अजून दुखायचं. नळाला चार दिसाआड पाणी म्हणणारी बाई ती हीच.

मालकांनी सरळ सांगितलं. पावसात गाडी बायकांना नीट आणून सोडत असेल तर ते आणखी गाड्या घेतील आणि आमचा सोलापूरचा गाळा चालू राहील. नसेल तर दिवाळीनंतर आवार रिकामं करायचं. म्हणजे मी पुण्याला. पुण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिथे खोलीत अनोळखी मुली असतात, ऑफिसात दर आठवड्याला कोणीतरी नवीन येतं आणि प्रत्येकाला स्वतःची ओळख करून द्यावी लागते. मला पाऊस पाडणं सोपं वाटलं.

आता काचेबद्दल थोडं सांगते. चष्मेवाल्यांनी हा भाग वाचला नाही तरी चालेल, त्यांना सगळं माहीत आहे.

गाडीच्या पुढच्या मोठ्या काचेवर थेंब पडला तर ड्रायव्हरचं फारसं बिघडत नाही, कारण काच डोळ्यापासून लांब असते आणि आपण थेंबाच्या पलीकडे बघतो. कॅमेऱ्याची काच अगदी भिंगाला चिकटून असते. तिच्यावरचा एक थेंब चित्राचा मोठा तुकडा खाऊन टाकतो. कधी माणूस कमरेत वाकडा होतो, कधी विजेचा खांब दुभंगतो, कधी हातगाडी नुसती नाहीशी होते. म्हणून थेंब टिकू द्यायचा नाही. त्याला तीन उपाय होते. काचेवर पाणी न ठरणारा लेप, बाजूने हवेची बारीक फुंकर आणि बोटभर लांबीचा वायपर.

चौथी गोष्ट उपाय नव्हे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि ती मी लिहिली होती. गाडी दर क्षणी प्रत्येक कॅमेऱ्याला विचारते, तुला किती खात्रीने दिसतंय? उत्तर ठरलेल्या रेषेच्या खाली गेलं की ती हळू होते, आणखी खाली गेलं की थांबते आणि लाल दिवा लावते. दिसत नसताना दिसतंय असं समजून पुढे न जाणं, इतकंच ते. ऐकायला साधं वाटतं. पण कॅमेऱ्याचा स्वभाव असा, की त्याला अर्धं दिसलं तरी तो पूर्ण दिसल्यासारखं उत्तर देतो. पाहुण्यांत असे काही काका असतात. त्याला कबूल करायला शिकवण्यात माझा जवळजवळ पूर्ण उन्हाळा गेला.

तर, पाऊस पाडायचा ठरला. सांगाडा उभा केला, पाइपांना भोकं पाडली, विहिरीचं पाणी टँकरने आणायची सोय झाली. टँकर चालवायचे शिवाप्पा मामा. अक्कलकोटच्या पलीकडचं गाव, मराठी बोलताना मध्येच कानडी वळण. पहिल्या दिवशी त्यांनी पाइप पाहिले, गाडी पाहिली, वर स्वच्छ निळं आभाळ पाहिलं आणि विचारलं, “मॅडम री, पाऊस हितंच पाडायचा? आमच्या गावाकडं बी पाडा की थोडा. जोंधळा वाळायलाय.”

मी हसले. ते गंभीर होते.

दुसऱ्या दिवशी नवीन अडचण उभी राहिली. पाऊस सुरू केला, गाडी सोडली, ती चार हात पुढे आली आणि थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा थांबली. काच लख्ख होती. मी पुढे जाऊन पाहिलं तर पाइपांच्या खाली रस्त्यावर ओळीने प्लॅस्टिकच्या घागरी मांडलेल्या. लाल, निळ्या, हिरव्या. शेजारी दोन बादल्या आणि एक पातेलं.

“पाणी वाया चाललंय तर भरून घेतलेलं काय वाईट?” नागमणी अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “धुण्याला होतंय.”

गाडी प्रत्येक घागरीला लहान मूल समजत होती आणि तिच्यापुढे अदबीने उभी राहत होती. व्हिडिओवरून समीर सर ओरडत होते, “तिला घागरी ओळखायला शिकव!” मी खरोखरच दोन दिवस घागरींचे फोटो काढले. नंतर माझ्या लक्षात आलं, की अक्कांना विनंती करणं यापेक्षा लवकर होईल. विनंती मी कागदावर लिहून नेली आणि वाचून दाखवली. अक्कांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“एवढंच व्हय? मग तोंडानं सांगायचं की बाय. अर्ज कशाला आणलीस?”

ठरलं असं, की रस्त्याच्या कडेला चर खणायचा, पाऊस त्यात उतरवायचा आणि सुट्टीच्या वेळी बायकांनी तिथून भरून न्यायचं. तेव्हापासून आमच्या पावसाची वेळ शिलाई विभागाच्या सुट्टीवर ठरू लागली. एखादा दिवस चाचणी नसली तर अक्का खिडकीतून विचारायच्या, “आज पाऊस न्हाई का गं? धुणं काडून ठेवलंय.”

आमचा पाऊस जोरदार होता. गाडी त्यात उत्तम चालली. लेपावरून पाणी घरंगळायचं, फुंकर उरलेलं उडवायची, वायपरला फारसं कामच नसायचं. समीर सरांनी पुण्याला कळवलं, की गाडी कोणत्याही हवामानात चालते. मलाही तसंच वाटत होतं.

मग खरा पाऊस आला. आला म्हणायलाही संकोच वाटावा असा. जुलैतली दुपार, वाऱ्याबरोबर धुळीचा लोट, आणि त्यामागून हात पुढे करून बघावं लागेल इतके तुरळक थेंब. रस्तासुद्धा ओला झाला नाही. गाडी चौकाच्या अलीकडे थांबली आणि लाल दिवा लावून उभी राहिली.

मी धावत गेले. काचेवर टॉवेलच्या कारखान्यातलं कापसाचं तूस बसलेलं, त्यावर धूळ, त्यावर चार थेंब, आणि त्या सगळ्यावरून वायपर फिरलेला. काचेवर कोणीतरी पोतेरं मारल्यासारखं दिसत होतं. लेपाला पाणी घरंगळू द्यायचं ठाऊक होतं. चिखल घरंगळत नाही. फुंकरीने तो वाळवून पक्का केला होता.

मुसळधार पावसाला आम्ही तयार होतो. सोलापूरचा पाऊस मुसळधार नसतो, हे सोलापुरात जन्मून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. समीर सरांच्या तर येणंच शक्य नव्हतं. त्यांनी फोटो पाहून विचारलं, “हे कापूस-धूळ मिश्रण दुसरीकडे कुठे असतं का?” म्हणजे हा त्रास फक्त याच पत्त्याचा असेल तर दुर्लक्ष करावं, असा त्यांचा विचार होता. पण आमचं गिऱ्हाईकही याच पत्त्यावर होतं.

त्यानंतर मी पाऊस पाडणं बंद केलं आणि रिमझिम पाडू लागले. ती जास्त अवघड. घरून पिठाची चाळण आणली, कडेची माती वाळवून तीत घेतली, शिलाई विभागातलं तूस गोळा केलं आणि खुर्चीवर उभी राहून ते कॅमेऱ्यावर चाळू लागले. मग इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन वरून दोनच फवारे. खिडकीत बायकांची गर्दी.

“काय करायलीस गं? भाकरीचं पीठ चाळायलीस का?”

“अय्यो, गाडीला पावडर लावायली ती. नटवायली.”

“नवरदेव कोण हाय म्हणं?”

“टँकर की!”

शिवाप्पा मामा टँकरच्या केबिनमधून खाली उतरलेच नाहीत त्या दिवशी.

त्यांनी मात्र मला एक उपाय सुचवला. “मॅडम री, तंबाखू घासा. आमचा वायपर मोडला की आमी काचेवर तंबाखूच घासतो. पाणी ठरतच न्हाई.” मी आधी त्यांच्या केबिनमध्ये बसून पाहिलं. त्यांनी काचेच्या अर्ध्या भागावर तंबाखूची पूड चोळली आणि पाऊस सुरू करून पाइपखालून टँकर नेला. खरोखर, त्या अर्ध्या भागातून रस्ता दिसत होता. मी खूश झाले. तीच पूड कॅमेऱ्याच्या काचेवर चोळली. गाडीला वाटलं, संध्याकाळ झाली. भर बारा वाजता तिने दिवे लावले आणि इतकी सावकाश निघाली, की बाजूने एक कुत्रं तिला ओलांडून गेलं, थांबलं, वळून बघून पुन्हा चालू लागलं. मामा खजील झाले. “माणसाच्या डोळ्याला चालतंय,” ते म्हणाले, “हिचं नाजूक हाय.” मी काच पुसली.

पुसण्यावरून आठवलं. माझं सर्वांत मोठं नुकसान लोकांच्या चांगुलपणाने केलं. कारखाना टॉवेलचा. गाडी कोणासाठी थांबली की कोणी ना कोणी मायेने खांद्यावरच्या नव्या टॉवेलने कॅमेरा पुसायचं, आणि माझा महागडा लेप टॉवेलबरोबर जायचा. मी पाटी लावली, “कृपया भिंगास स्पर्श करू नये.” तिचा उपयोग शून्य. अक्कांनी ती वाचली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपल्या बायकांना एकदाच ओरडून सांगितलं, “गाडीच्या डोळ्याला कुणी हात लावला तर बघा!” दुसऱ्या दिवसापासून पुसणं बंद.

पण खंडेनवमीला अक्कांचंही चाललं नाही. त्या दिवशी कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा असते. माग, शिलाई मशिनं, कात्र्या, वजनकाटा, शिवाप्पा मामांचा टँकर, सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून तयार. आमची गाडी सुटणं शक्यच नव्हतं. मी पोचले तेव्हा पुढच्या कॅमेऱ्याच्या बरोबर मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा होता आणि बाजूच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर माळा लोंबत होत्या. भटजींनी विचारलं, “चालकाला बोलवा. नारळ कुणाच्या हातात द्यायचा?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी नारळ, टोपी आणि टॉवेल माझ्या हातात आले. टोपी मी हातातच धरली. मामांना मात्र त्यांच्या टँकरची टोपी मिळाली होती, ती घालून ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि कानाशी म्हणाले, “घाला की री. आता तुमी बी ड्रायव्हर.”

मग चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मालक म्हणाले, “निघू द्या.”

गाडी निघाली नाही. तिच्या तीन डोळ्यांना काही दिसत नव्हतं आणि तिने ते प्रामाणिकपणे सांगितलं. लाल दिवा. माळा काढल्या, टिळा पुसला तर तो पसरला आणि गाडीला सगळा कारखाना लालभडक दिसू लागला. लाल दिवा पुन्हा. मालकांचा चेहरा उतरला. ऐन सणाला, पूजा झालेलं वाहन जागचं हललं नाही, हे कोणत्याच मालकाला आवडणार नाही. शेवटी समीर सरांनी पुण्याहून फोनवर सांगितलं तशी हातातल्या रिमोटने मी गाडी लिंबावरून नेली. टाळ्या वाजल्या. मालकांनी वाजवल्या नाहीत.

“दिवाळीच्या आत एकदा नीट करू,” ते जाताना म्हणाले. “मी बसतो, बायका बसतील. त्या दिवशी हो का नाही ते सांगतो.”

त्या मधल्या दिवसांत मी आयुष्यात सर्वांत जास्त काचा पुसल्या. उपायही सापडला. वायपरच्या आधी पाण्याची बारीक पिचकारी मारायची, म्हणजे घाण भिजते, मग पुसायची. कल्पना चालत होती. पण पिचकारीचा भाग पुण्याहून यायचा होता आणि तो वाटेत होता. समीर सर म्हणाले, ऑक्टोबर संपत आलाय, आता पाऊस येत नाही. त्यांनी फोनवर हवामान दाखवलं. फोनवर सूर्य होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून उकडत होतं. फाटकाजवळ मंडप, खुर्च्या, पेढे. एका बाकावर मालक आणि समीर सर, समोरच्या बाकावर नागमणी अक्का आणि शिलाई विभागातल्या बायका, नव्या साड्यांमध्ये, एकमेकींना रेटून बसलेल्या. मी टॅबलेट घेऊन मागच्या फळीवर उभी होते. त्या टॅबलेटवर गाडीच्या प्रत्येक डोळ्यातलं चित्र दिसतं आणि खात्रीची रेषा बदलायची असेल तर ती तिथूनच बदलते. तिचा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. त्याचं कारण असं, की एकदा समीर सरांनी घाईत ती बदलली होती आणि मी त्यांना न सांगता पासवर्ड नवा केला होता. समोर बोलणं मला जमत नाही. कुलूप घालणं जमतं.

गाडी निघाली. कोणीतरी फटाका वाजवला. अर्धा रस्ता गेलो असू, तेव्हा वारा सुटला. आवारातली धूळ आणि शेडच्या झरोक्यांतलं तूस एकदम उडालं, बायकांनी पदर तोंडावर घेतले, आणि आभाळातून थेंब पडले. मोजके. जुलैसारखेच.

वायपर फिरला. मी टॅबलेटकडे बघत होते. पुढचा चौक विरघळला. चौकातून डावीकडून गठ्ठ्यांची हातगाडी ढकलत एक माणूस येत होता. मला तो मान वर केली की स्पष्ट दिसायचा आणि टॅबलेटवर पाहिलं की तिथे फक्त तपकिरी फराटा. गाडी हळू झाली आणि थांबली. लाल दिवा.

“काय झालं?” मालकांनी विचारलं.

“काही नाही मालक,” समीर सर हसून म्हणाले. “सिस्टीम अपडेट होते आहे.” मग मागे वळून, हसू तसंच ठेवून, हळू आवाजात मला म्हणाले, “रेषा खाली घे. दोन मिनिटांसाठी फक्त. शेवटपर्यंत जाऊ दे.”

मी टॅबलेटवरच नजर ठेवली. त्यांना वाटलं, मी ती बदलतेय.

“घेतलीस?”

मी मान हलवली. नाही अशी. त्यांना बहुतेक हो वाटली, कारण ते मालकांना म्हणाले, “झालंच.”

थेंब वाढले. छप्पर होतं, पण वारा आडवा होता. अक्कांच्या नव्या साडीवर ठिपके पडू लागले. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “चालू कर की गं बाय, भिजायलोय आमी. पुढं सगळा चिखल झाला म्हंजे?” त्यांनी दुखरं मनगट पदराखाली घेतलं होतं. मला ते दिसलं. त्या गाडीची ज्यांना खरोखर गरज होती त्यांच्यात त्या पहिल्या होत्या, आणि रेषा खाली घेतली असती तर गाडी निघालीही असती. बहुधा हातगाडीवाला निघूनही गेला असता. बहुधा.

त्यानंतर काय झालं ते इथेच सांगून टाकते. मालकांनी तेव्हा सगळ्या गाड्या घेतल्या नाहीत. एक घेतली. ती कोरड्या दिवसांत गठ्ठे नेते आणि आभाळ भरून आलं की शेडमध्ये उभी राहते. समीर सर कित्येक दिवस माझ्याशी फक्त लेखी बोलले, जे मला सोयीचंच होतं. पिचकारी त्याच आठवड्यात आली आणि ती चांगली चालते. येत्या पावसाळ्यात मालक पुन्हा बसणार आहेत. गाळा अजून उघडा आहे. त्या दिवशी मात्र अक्कांना शिलाई विभागापर्यंत चिखलातून चालावं लागलं. शिवाप्पा मामांनी टँकर आणून त्यांना केबिनमध्ये बसवायचा प्रयत्न केला, पण पायरी उंच आणि मनगट दुखरं. शेवटी त्या मामांचा दंड धरून, मला ऐकू जाईल अशा आवाजात आमच्या कंपनीचा उद्धार करत गेल्या. घसरल्या नाहीत. त्याबद्दल मी अजून कोणाचे आभार मानायचे ते ठरवू शकलेले नाही.

पण त्या क्षणी हे काही मला माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मालक वळून, समीर सर वळून, बायका पदराआडून. नेहमीप्रमाणे डोक्यात एक नीट इंग्रजी वाक्य तयार झालं, अगदी विनम्र, दोन्ही टोकांना माफी असलेलं. त्याचं मराठी करायला घेतलं आणि ते मध्येच सुटलं. वेळ नव्हता. वायपर पुन्हा एकदा चिखल फिरवून गेला, आणि मी फळीवरून खाली उडी मारली, गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि ओरडले:

“हिला दिसत न्हाई काई! उतरा सगळे. मालक, तुमी बी उतरा की!”